फोटो ‘मस्त’ आहे हो, पण का?

यावेळी आलेल्या प्रश्नांत विद्यार्थीच जास्त दिसतायत, कॉलेजं सुरू झाली की हे होतंच. कुठली लेन्स घेऊ, कुठली बॅग घेऊ वाले प्रश्न बाजूला ठेवलेत, राग मानू नका, त्यांची उत्तरं दुकानदार माझ्यापेक्षा जास्त उत्साहाने देतो. कॉम्पोझिशन (म्हणजे चौकटीत काय कुठे ठेवायचं ते) कसं शिकायचं आणि दुसऱ्याच्या फोटोवर बोलायचं कसं, एवढंच घेतलंय. माझ्या मते हे एकच काम आहे, म्हणून उत्तरं एकमेकांत घुसलीत, तर सगळी वाचा.

प्रश्न : मास मीडियाला आम्हाला फोटोग्राफीचा पेपर आहे. दर आठवड्याला एक फोटो काढायचा आणि वर्गातल्या दोन जणांच्या फोटोवर अर्धं पान लिहायचं. मी रूल ऑफ थर्ड्स, लीडिंग लाइन्स, फ्रेमिंग सगळं लिहिते तरी सरांचा शेरा ठरलेला, ‘यात फोटो कुठे आहे?’ मग लिहायचं तरी काय? (एक विद्यार्थिनी, सातारा)

अगं, शेरा कडक आहे पण सर बरोबर आहेत. ‘लीडिंग लाइन्समुळे नजर सब्जेक्टकडे जाते’ हे वाक्य रुळांच्या फोटोखाली लिही, शेताच्या बांधाच्या फोटोखाली लिही, कॉलेजच्या जिन्याच्या फोटोखाली लिही, सगळीकडे चालतं. म्हणजे फोटो न बघताही तू ते लिहू शकली असतीस, आणि सरांना नेमकं तेच खटकतंय.

एक फोटो घेऊन बघू. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगचा ‘मायग्रंट मदर’, मार्च १९३६, कॅलिफोर्नियातल्या निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ. तुमच्या सिलॅबसमध्ये असेलच, नसला तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर मोठ्या साइझमध्ये फुकट आहे, फक्त मोबाइलवर नको, कॉलेजच्या लॅबमध्ये मोठ्या स्क्रीनवर उघड. आणि पहिली पाच मिनिटं एकही विशेषण वापरायचं नाही, करुण नाही, हृदयस्पर्शी तर अजिबातच नाही. नुसतं काय आहे ते लिही. एक बाई, जवळजवळ मधोमध. हात गालाशी. कपाळावर आठ्या. नजर कॅमेऱ्यात नाही, कॅमेऱ्याच्या बाजूने कुठेतरी पलीकडे. दोन मुलं दोन खांद्यांना टेकलेली, पण दोघांनीही तोंडं फिरवलीयत, आपल्याला नुसते केस आणि माना दिसतात. मांडीवर तान्हं बाळ. बाहीची कड विरलेली. मागे नुसतं कापड, तळावरचं दुसरं काहीही दिसत नाही.

आता यातली एकेक गोष्ट घेऊन विचार की यामुळे काय झालं. मुलांनी तोंडं फिरवल्यामुळे फोटोत वाचण्यासारखा चेहरा एकच उरला, तीन चेहरे असते तर नजर तिघांत फिरत बसली असती. त्या दोन डोक्यांनी आईचा चेहरा दोन्हीकडून बंद केला, नजर बाजूला निसटायला वाटच नाही. खालून वर आलेला हात तुला पुन्हा त्याच चेहऱ्यापाशी आणून सोडतो. हे झालं कॉम्पोझिशन. यापुढे तुला ‘त्रिकोणी रचना’ असं लिहायचं असेल तर खुशाल लिही, आता त्या शब्दाखाली काहीतरी आहे.

लँगने तिथे काढलेले बाकीचे फोटोही साइटवर आहेत आणि माझ्या मते विद्यार्थ्यांनी ते मुख्य फोटोपेक्षा जास्त वेळ बघावेत. एका फोटोत लांबून आख्खा तंबू दिसतो, सामान दिसतं, एक मोठी मुलगी खुर्चीत बसलेली दिसते. मग लँग जवळ येत जाते आणि जवळ येताना तंबू जातो, सामान जातं, मोठी मुलगी जाते, आणि उरतं ते आपल्याला माहीत असलेलं चित्र. म्हणजे फोटोवर लिहिताना ‘काय आहे’ याच्यासोबत ‘काय बाहेर ठेवलंय’ हा प्रश्न पाहिजेच. वर्गातल्यांच्या फोटोंना हा प्रश्न विचारून बघ, अर्धं पान पुरणार नाही.

आणि कडा बघ. मुख्य फोटोत खाली उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता. लँगला तो इतका खटकला की पुढे निगेटिव्हवर रिटच करून पुसून टाकला, पण नीट बघितलंस तर त्याची पुसट छाया अजून दिसते. काम होतं सरकारी, डॉक्युमेंटेशनचं, त्यात असं काही पुसावं का? तू ठरव आणि का ते लिही. मला विचारशील तर मी अंगठा ठेवला असता.

त्या बाईंचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, तेव्हा वय ३२. फोटो जगभर गेला पण त्यांचं नाव लोकांना कळलं थेट १९७८ मध्ये, आणि त्या चिडलेल्या होत्या, या फोटोतून आपल्याला काहीच मिळालं नाही म्हणून. ही माहिती लिहायचीच, पण शेवटी लिही. आधी लिहिलीस तर अर्धं पान अमेरिकेतल्या मंदीवर जाईल आणि सर पुन्हा विचारतील, फोटो कुठे आहे.

वर्गातल्या फोटोंना हेच लाव. समजा कुणी चहाच्या टपरीचा फोटो दिलाय, तर ‘छान मूड पकडलाय’ ऐवजी असं लिही, ‘टपरीवाल्याचा चेहरा अंधारात गेलाय आणि सगळा उजेड वर टांगलेल्या पुड्यांच्या माळांवर पडलाय, त्यामुळे मला आधी माळा दिसल्या आणि माणूस नंतर सापडला.’ (त्या पुड्यांत काय असतं आणि त्यावर बंदी आहे का, तो वेगळा विषय.) यात चांगलं-वाईट काहीच म्हटलेलं नाही, पण ज्याने फोटो काढलाय त्याला पुढच्या वेळी काय करायचं ते बरोबर कळतं.

प्रश्न : शिकायला मोबाइल चालेल की सेकंडहँड डीएसएलआर घेऊ? (अहिल्यानगर)

मोबाइल. एवढंच लक्षात ठेव की मोबाइलची मुख्य लेन्स बऱ्यापैकी वाइड असते, फुलफ्रेमच्या (म्हणजे मोठ्या, ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या) हिशेबात साधारण २४ ते २६ मिमी, त्यामुळे माणसाच्या अगदी जवळ गेलास की नाक मोठं येतं आणि कडेला उभा असलेला मित्र ताणल्यासारखा दिसतो. चेहरा काढायचाय तर दोन पावलं मागे जा आणि २एक्स वापर. फोटोचा आकार ४:३ वरच ठेव, बहुतेक फोनमध्ये १६:९ म्हणजे त्याच फोटोचं वरचं-खालचं कापून दिलेलं असतं. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं. झालं, वर्षभर पुरेल.

प्रश्न : ग्रिड ऑन करून सब्जेक्ट बरोबर रेषांच्या क्रॉसिंगवर ठेवतो, तरी फोटो फ्लॅट वाटतात. मित्र म्हणतात ‘काहीतरी मिसिंग आहे’, पण काय ते कुणी सांगत नाही. (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, अकोला)

‘काहीतरी मिसिंग आहे’ म्हणणाऱ्या मित्रांना वरचं उत्तर वाचायला दे.

आता ग्रिड. त्या रेषा चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करतात, तोच रूल ऑफ थर्ड्स, आणि हा तृतीयांशाचा नियम कॅमेऱ्याहून जुना आहे, माहितीये? जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये छापलेल्या पुस्तकात तो मांडला, आणि फोटोग्राफीची घोषणा झाली १८३९ ला. आणि तो बोलत होता निसर्गचित्रांबद्दल, की जमीन आणि आकाश, उजेड आणि अंधार यांची निम्मी-निम्मी वाटणी नको, एक भाग आणि दोन भाग अशी करा, म्हणजे दोघं सारख्याच जोरात बोलणार नाहीत. सब्जेक्टचा डोळा क्रॉसिंगवर ठेवा वगैरे त्याच्यात नव्हतं, ते नंतर चिकटलं. त्यामुळे क्रॉसिंगवर ठेवूनही फोटो फ्लॅट आला याचं नवल नको, तू माणसाची जागा ठरवलीस पण बाकीच्या सगळ्या चौकटीचं काय?

तुझे फोटो मी बघितलेले नाहीत, पण ‘फ्लॅट’ म्हणतात त्या बहुतेक फोटोंत मला एकच प्रकार दिसतो, सब्जेक्ट आणि मागचं एकाच टोनमध्ये असतं. सावळा माणूस, गडद शर्ट, मागे गडद झाड, की गेला. तोच माणूस अर्धं पाऊल बाजूला घेतलास की त्याचं डोकं मागच्या उजळ भिंतीवर येतं आणि सुटं दिसायला लागतं. इथे फिल्टर काही करू शकत नाही, पायच हलवावे लागतात. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, दोन माणसांची डोकी एकमेकांना चिकटलेली, हातातली कपबशी पोटाच्या रंगात मिसळलेली, हे सगळं अर्ध्या पावलाने सुटतं. दुसरं म्हणजे आपण जिथे उभं असताना गोष्ट दिसली तिथूनच काढतो, उभ्याने, डोळ्याच्या उंचीवरून, आणि मग सगळ्या गावाचे फोटो सारखे येतात. एसटी स्टँडवरचा एक बाक घे आणि त्याचे वीस फोटो काढ, प्रत्येक वेळी जागा बदलून, बसून, पार जमिनीवरून, जिन्यावरून. पहिले पाच-सहा कंटाळवाणे येतील, ते येऊ देत, नंतर तुला नाइलाजाने बघायलाच लागेल.

बटण दाबायच्या आधी सब्जेक्ट सोड आणि चारही कडांवरून नजर फिरव. कुणाचं कोपर घुसलंय, पाय घोट्यात कापलाय, वरून वायर गेलीय, कोपऱ्यात पिवळी पिशवी आहे. डोळा या गोष्टी गाळून बघतो आणि कॅमेरा गाळत नाही, सगळा घोळ तिथे आहे.

आणि घरी आल्यावर फोटो उलटा करून बघ, खरंच, डोकं खाली पाय वर. जुन्या मोठ्या प्लेट कॅमेऱ्यांच्या काचेवर चित्र उलटंच दिसायचं आणि फोटोग्राफर काळं कापड डोक्यावर घेऊन त्या उलट्या चित्रावरच रचना ठरवायचे. उलटं केलं की ‘हा आपला पक्या’ हे डोक्यातून जातं आणि नुसते आकार दिसायला लागतात, कुठे जड आहे, कुठे उगीच रिकामं आहे. थंबनेल एवढा लहान करून बघणं हाही चांगला उपाय आहे, नखाएवढ्या साइझला जो फोटो समजतो त्याची रचना सहसा ठीक असते.

प्रश्न : मी निवृत्त आहे, आता हौसेने क्लासला जातो. क्लासमधले तरुण म्हणतात, क्रॉप करणं म्हणजे चीटिंग, कार्तिए-ब्रेसाँ कधीच क्रॉप करत नसे. खरं का? (कोल्हापूर)

काका, जवळजवळ खरं. आँरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच फोटोग्राफर क्रॉपच्या विरोधात होता, आणि फोटो छापणारे कापतात म्हणून वैतागायचाही. पण त्याचा जो फोटो सगळ्यात जास्त दाखवला जातो, पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनमागे डबक्यावरून उडी मारणारा माणूस, १९३२ चा, तोच क्रॉप केलेला आहे! कुंपणाच्या फटीतून काढला होता, डावीकडे कुंपणाचाच भाग आलेला, तो कापला. तरुणांना हे सांगा आणि त्यांचे चेहरे बघा.

फोटो मात्र डोळे भरून बघण्यासारखा आहे. माणसाची टाच पाण्याला अजून लागलेली नाही, खाली त्याचं प्रतिबिंब, आणि मागच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्ये एक नर्तकी तशीच उडी मारतेय. लोक ‘क्षण पकडला’ म्हणतात आणि पोस्टर बघतच नाहीत. मला विचाराल तर पोस्टर नसतं तर तो उडी मारणाऱ्या माणसाचा एक चांगला फोटो झाला असता, इतकंच.

तसंही चौकटीचा आकार काही देवाने दिलेला नाही. कॅमेऱ्यांत ३:२ हा आकार आला कारण लायका या कॅमेरा कंपनीच्या ओस्कर बार्नाकने सिनेमाच्या फिल्मची फ्रेम दुप्पट करून २४×३६ मिमी केली. होमाई व्यारावाला, म्हणजे आपल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या, त्या रोलिफ्लेक्सवर चौकोनी फोटो काढायच्या. तेव्हा बिनधास्त कापा, पण एक ध्यानात ठेवा, क्रॉप केल्याने जवळच्या आणि लांबच्या गोष्टींचं नातं बदलत नाही. पुढचा माणूस मागच्या देवळाच्या किती पट दिसणार हे तुम्ही कुठे उभे होतात त्यावर ठरतं, ते घरी बसून दुरुस्त होत नाही. कडेचा कचरा कापायचा असेल तर क्रॉप, पण मुळात उभं राहायची जागाच चुकली असेल तर पुन्हा जायचं, तुम्हाला तर आता वेळही आहे.

प्रश्न : मैत्रिणीच्या फोटोवर वर्गात बोलले की ‘हात कापलाय आणि बॅकग्राउंड डिस्टर्बिंग आहे’, तेव्हापासून ती बोलत नाही. खरं बोलायचं नाही का? (ठाणे)

बोलायचं, पण तू निकाल दिलास, आणि कुणी विचारलेला नसताना दिलास. आधी तिला विचार की तुला काय दाखवायचं होतं, कारण हात मुद्दाम कापलेला असू शकतो. ती म्हणाली ‘आईचं काम दाखवायचं होतं’, तर मग हात कापल्याने काम दिसत नाहीये ही तिच्याच कामाची मदत झाली. आणि ‘डिस्टर्बिंग’ म्हणजे काय गं? मागचा लाल टेबलफॅन म्हण ना सरळ. नेमकी वस्तू सांगितली की माणूस तिकडे बघतो, ‘डिस्टर्बिंग’ म्हटलं की तुझ्याकडे बघतो. हां, आणि ज्याला नुसतं ‘वॉव’ ऐकायचं असतं त्याला फोटो वर्गात ठेवायला नको, त्याच्यासाठी इन्स्टा आहे.

प्रश्न : दरवर्षी वारीचे फोटो काढायला जातो पण माझे फोटो आणि बाकी पाचशे जणांचे फोटो सेम. दिवे घाट, रिंगण, तुळस घेतलेली आजी. वेगळं काय काढू? (पुणे)

कारण पाचशे जण घाटातल्या त्याच वळणावर उभे असतात, आणि एकमेकांच्या कोपरातून तीच नागमोडी रांग काढतात. रचनेत त्या फोटोची चूक नाही, तो एस आकार भारीच दिसतो, म्हणूनच तर सगळे काढतात. पण तो काढून झाला असेल तर ती जागा सोड ना आता.

गर्दी कशी दाखवायची याचं एक उत्तर रघू राय यांच्या चर्चगेट स्टेशनच्या १९९५ च्या फोटोत आहे. शटर हळू ठेवलंय, त्यामुळे लोकलमधून उतरलेली सगळी गर्दी वाहत गेल्यासारखी पुसट झालीय आणि पेपर वाचत बसलेली माणसं तेवढी स्पष्ट. गंमत अशी की गर्दी कळते ती त्या न हललेल्या माणसांमुळे, सगळेच पुसट असते तर नुसता धुरळा दिसला असता. वारीत हे करता येईल, दिंडी चाललीय आणि कडेला कुणीतरी टेकलंय. उजेड कमी असताना फोनवर प्रो मोडमध्ये शटर पाव सेकंदाच्या आसपास ठेव, फोन दगडाला नाहीतर पाण्याच्या टँकरला टेकव. आयफोन असेल तर लाइव्ह फोटो काढून त्याला नंतर लाँग एक्स्पोजर लावता येतं.

आणि चाललेली वारी सोडून थांबलेली वारी बघ. मुक्कामाच्या जागी संध्याकाळी एका एक्स्टेंशन बोर्डला पंधरा फोन लागलेले असतात आणि एक आजोबा त्यांची राखण करत बसलेले असतात. तंबूबाहेर चपलांचा ढीग, पायाला तेल चोळणारे लोक, ट्रकखाली झोपलेला ड्रायव्हर. एकच दिंडी धर आणि आळंदीपासून तिच्यासोबत निदान दोन-तीन मुक्काम चाल, मग लोक कॅमेऱ्याकडे बघायचं बंद करतात. आणि कृपा करून आजींच्या तोंडासमोर कॅमेरा नेऊन ‘आजी, जरा वर बघा’ करू नको, त्यांना त्या एका दिवसात किती जण हेच सांगतात याचा विचार कर.

प्रश्न : ब्लॅक अँड व्हाइट केला की फोटो सिरीयस वाटतो, वर्गातही लगेच कौतुक होतं. मग सगळेच तसे का करू नयेत? (नागपूर)

कौतुक होतं म्हणूनच जरा संशय घे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे फोटो काढलेत ते कृष्णधवल आहेत, आणि तिथे ते पटतं, कारण त्या घाणीत रंग असते तर आपण रंगांकडे बघून आधी नाक मुरडलं असतं, आता माणसाचं अंग आणि त्याचं काम दिसतं. उलट रघुबीर सिंग यांनी त्या काळी कला म्हणजे कृष्णधवलच असं मानलं जात असताना हट्टाने रंगीत काम केलं, त्यांचं म्हणणं असं की भारताकडे बघायचं तर रंग बाजूला ठेवून चालणारच नाही. त्यांचे अँबॅसेडर गाडीतून काढलेले फोटो शोध, गाडीचं दार, काच, आरसा यांनीच चौकटीचे तुकडे केलेत आणि प्रत्येक तुकड्यात वेगळंच काहीतरी चाललंय, त्यात रंग काढला तर अर्धी माणसं सापडायची नाहीत.

तेव्हा करायचं असं की फोटोतला रंग काही काम करतोय का ते बघ. लग्नाच्या हॉलमध्ये गुलाबी खुर्च्यांची कव्हरं नवरीच्या आईच्या चेहऱ्यावरून लक्ष खेचत असतील तर काढ रंग. पण होळीचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून वर्गात ठेवलास तर कुणीतरी विचारणारच, आणि तेव्हा ‘सिरीयस वाटतो’ हे उत्तर चालणार नाही. खरंच त्यातच काम करायचं असेल तर नंतर फिल्टर लावण्यापेक्षा काढतानाच फोन मोनोवर (म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटवर) ठेव, म्हणजे लाल साडी आणि हिरवं झाड एकाच राखाडीत मिसळतायत हे तुला तिथेच दिसेल आणि जागा बदलता येईल.